तिसावी फाईल

तिसरी चढण लागली तशी कातुंगेनं पायातले काळे बूट काढले, त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवले आणि अनवाणी पुढे निघाली.

"अगं, काटे आहेत," मी म्हटलं.

"बाई, बूट पगारातून घेतलेत. पाय फुकट मिळालेत," ती मागे न बघता म्हणाली. "आणि तुम्ही बोलू नका. बोललात की थांबता, थांबलात की बसता, आणि बसलात की मग मला उचलावं लागतं."

मोटरसायकलवाल्यानं आम्हाला कोरड्या नदीशी उतरवलं होतं. पुढे वाळूत चाक रुततं म्हणाला आणि परत गेला. तेव्हापासून दोन तास आम्ही चालत होतो. ऑगस्ट महिना, शाळेला सुट्टी, हवा थंड, पण डोंगरउताराची लाल माती इतकी सुटी झाली होती की एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली यावं. कातुंगेच्या खांद्याला घायपाताच्या दोरीची पिशवी होती आणि पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक फाईल. त्या एका फायलीसाठी आम्ही दोघी निघालो होतो.

मी केनियात माचाकोसच्या मुलींच्या शाळेत चोवीस वर्षं गणित शिकवते. ह्यांच्या कापडगिरणीतल्या नोकरीपायी भारतातून इथे आले. पुढे गिरणी बंद पडली, पण आम्ही राहिलो. कातुंगे माझ्या इथल्या पहिल्या वर्गातली. तेव्हा सतरा वर्षांची होती आणि सगळ्यांत मागे बसायची. आता ती शिक्षकांच्या पतपेढीत घरकर्जाच्या फायली सांभाळते आणि मी त्याच पतपेढीच्या देखरेख समितीवर आहे. कर्जाच्या कामासाठी सभासदाच्या घरी जायचं तर ऑफिसातलं एक आणि समितीतलं एक अशी दोन माणसं हवीत, असा आमचा नियम आहे. समितीतल्या बाकीच्यांना त्या दिवशी अचानक कामं निघाली. राहिले मी.

काम काय होतं ते सांगते. पतपेढीकडचा पैसा सभासदांच्या बचतीचा. बचत माणूस कधीही परत मागू शकतो, म्हणून घर बांधायलासुद्धा पतपेढी चार वर्षांच्या वर कर्ज देत नसे. चार वर्षांत घर फेडायचं म्हणजे निम्मा पगार हप्त्यात जायचा. किती तरी शिक्षकांची घरं दारं-खिडक्यांवाचून तशीच उभी होती. मग नैरोबीत एक कंपनी निघाली. ती स्वतः कुणाला घरकर्ज देत नाही. आपण दिलेल्या कर्जांच्या फायली तारण म्हणून ठेवून घेते आणि त्यांवर आपल्याला पंधरा वर्षांच्या मुदतीचा स्वस्त पैसा देते. कागदोपत्री याला पुनर्वित्त म्हणतात. आमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की हप्ता निम्मा होणार. अट अशी की कमीत कमी तीस फायली एकत्र द्यायच्या आणि प्रत्येक फाईल स्वच्छ हवी. आमच्याकडे बरोबर तीस होत्या. त्यांत एक कातुंगेची, एक माझी. एकोणतीस पास झाल्या आणि तिसावी परत आली.

तिसावी फाईल म्वेलूबाईंची. डोंगरापलीकडच्या प्राथमिक शाळेत शिकवतात, पन्नाशीच्या आहेत. नवरा बावीस वर्षांपूर्वी गेला, मूल नव्हतं. इकडे अशा वेळी एक जुनी रीत आहे, तिला इवेतो म्हणतात. नवऱ्याचं घर बुजू नये म्हणून ती बाई रीतसर बकऱ्या देऊन दुसऱ्या एका बाईला लग्न करून घरात आणते. मुलं धाकटीला होतात, नाव थोरलीच्या नवऱ्याचं लागतं, आणि घर दोघींचं. म्वेलूबाईंनी अठरा वर्षांपूर्वी न्दिंदाला अशी आणली. तीन मुलं आहेत. कर्जाच्या अर्जावर 'पती किंवा पत्नीची संमती' असा रकाना होता. म्वेलूबाईंनी त्यात जे खरं तेच लिहिलं: 'न्दिंदा, माझी बायको.' न्दिंदानं सहीही केली.

नैरोबीहून उत्तर आलं, 'स्त्री अर्जदाराच्या पत्नीचे नाव चुकून पडले आहे. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून पाठवावे.'

आमचे मॅनेजर किओको मोठ्यानं हसले होते. "यात काय अवघड आहे? 'विधवा' लिहा, रकान्यावर रेघ मारा, म्वेलूबाईंची सही घ्या. पाच मिनिटांचं काम."

कातुंगे म्हणाली, "मी रेघ मारणार नाही."

"का?"

"रेघ मारली की न्दिंदा त्या घरात कोणीच नाही. उद्या म्वेलूबाई गेल्या की दीर येतील, कागद दाखवतील आणि तिला मुलांसकट हाकलतील. कागद मी बनवलेला असेल."

"आणि रेघ मारली नाहीस तर एकोणतीस जणांचा हप्ता निम्मा होणार नाही. त्यात तुझाही. त्यात या बाईंचाही." किओकोंनी माझ्याकडे बोट केलं.

खरं सांगते, माझ्या मनात रेघच मारावी असं होतं. ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकलत होतो. हप्ता निम्मा झाला तर ते होणार होतं.

कातुंगेनं नैरोबीच्या कंपनीच्या वकीलबाईंना फोन लावला. एकदा नाही, सहा वेळा. सहाव्यांदा त्या वैतागून म्हणाल्या की कायद्यात असा रकाना नाही. पण नवऱ्याच्या घरातला, त्या लग्नाला स्वतः हजर असलेला माणूस चीफपुढे, म्हणजे गावच्या सरकारी प्रमुखापुढे, शपथेवर सांगत असेल की ही बाई रीतीनं घरात आणली आहे, तर मी तिची संमती 'घरातली हक्कदार' म्हणून धरीन. नवऱ्याच्या घरचे चारजण त्या लग्नाला होते. तिघे वारले होते. उरला होता धाकटा दीर मुइंदे. त्यानं अठरा वर्षं म्वेलूबाईंशी अबोला धरला होता. आणि न्दिंदा त्या घरात कोणी नाही असं ठरलं, तर जमीन त्याच्याच मुलांकडे जाणार होती.

त्याच मुइंदेकडे आम्ही निघालो होतो. बुधवार होता.

चौथ्या चढणीवर मी बसलेच. कातुंगे माझ्याशेजारी बसली आणि न विचारता बोलायला लागली.

"बाई, मी अशाच घरातली. माझ्या आईला एका आजीनं आणली होती. मी तिला आजीच म्हणायचे. माझ्या केसांच्या वेण्या तीच घालायची. मी नऊ वर्षांची असताना ती गेली. पुरल्यावर आठ दिवसांत दीर आले, हातात जमिनीचा कागद. त्यावर आजीचं नाव, खाली रेघ. आईनं विचारलं, मग मी इथे दहा वर्षं काय होते? ते म्हणाले, कामवाली."

"मग?"

"मग काय? एक भांडं, दोन बकऱ्या आणि मी. माझ्या फीबद्दल घेवड्याची पोती यायची ते आठवतं ना तुम्हाला? आई दुसऱ्यांच्या शेतात राबून आणायची. तुम्ही एकदा ऑफिसात भांडला होता, की पोत्याची पावती का देत नाही म्हणून."

पोती आठवत होती, ती आणणारी बाईही; ते भांडण आठवत नव्हतं. चोवीस वर्षं ओळखत होते हिला आणि बाकी काही मला माहीत नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि उठले. तिनं उचलायच्या आत उठले.

मुइंदेबाबा आंब्याखाली बसून लाकडाचा जिराफ कोरत होते. आम्ही कुंपणाशी उभ्या राहिलो तरी त्यांनी मान वर केली नाही.

"कोण?"

"मी कातुंगे, बाबा. शिक्षकांच्या पतपेढीतली."

"माझं तिथे काही नाही. ठेव नाही, उधारी नाही. जा."

"बसा तरी म्हणा. बरोबर म्हातारी बाई आहे."

मी तिच्याकडे डोळे वटारले. ती हळूच म्हणाली, "गप्प राहा, उपयोग होतोय."

बाबांनी आता वर पाहिलं. "मुहिंदी? आणि चालत? तुमच्या लोकांच्या गाड्या संपल्या की काय?"

"गाडी विकली, बाबा. गुडघे कोणी घेईना, म्हणून ते घेऊन आले," मी त्यांच्या कांबा भाषेत म्हटलं.

म्हातारा इतका हसला की हातातली सुरी खाली ठेवावी लागली. त्यांच्या बायकोनं तीन पायांची स्टुलं आणून ठेवली, मग मुथोकोईच्या वाट्या आणल्या. कांडून साल काढलेला मका आणि घेवडा, वर थोडी पालेभाजी. खाऊन होईपर्यंत कातुंगेनं कामाचा एक शब्द काढला नाही. पाऊस, आंब्याचा मोहर, कोणाची गाय व्यायली, सगळं झालं. मी सारखी घड्याळ बघत होते. तिनं स्टुलाखालून मला पाय मारला.

वाट्या उचलल्या गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, म्वेलूबाईंच्या न्दिंदाबद्दल आलेय. तिचं लग्न झालं तेव्हा तुम्ही होता, हे चीफपुढे सांगाल का?"

बाबांनी पुन्हा सुरी उचलली. "कसलं लग्न? झालंच नाही ते."

मी स्टूल पुढे ओढलं.

"कसं नाही झालं?" कातुंगेनं विचारलं.

"लग्न पक्कं करायला न्थेओची बकरी कापतात ना, तिचा खांदा सख्ख्या दिराला जातो. सगळ्या डोंगराला माहीत आहे. आणि म्वेलूनं खांदा कोणाला दिला? स्वतःच्या भावाला! शहरातून पॅंट घालून आला होता म्हणून. बकरीचे पाय मी धरले, आग मी पेटवली, आणि मला काय? बरगड्या! तीन बरगड्या. मोजल्या मी. ज्या न्थेओत दिराला खांदा मिळत नाही ते न्थेओ नव्हे, ते नुसतं जेवण."

मी कातुंगेकडे पाहिलं. वकीलबाईंना हवं होतं ते सगळं म्हाताऱ्यानं रागाच्या भरात स्वतःच सांगितलं होतं. हजर होता, पाय धरले, मांस खाल्लं. आणि न्थेओचं मांस खाल्लेला माणूस पुढे ते लग्न नाकारू शकत नाही, हेही सगळ्या डोंगराला माहीत आहे. लिहून घे, मी डोळ्यांनी खुणावलं. तिची वही मांडीवर उघडीच होती.

तिनं वही मिटली.

"बाबा, मी हे आत्ता लिहिलं तर माझं काम झालं. ही बाई साक्षीला आहेच. पण मग मी तुम्हाला बोलण्यात पकडलं असं होईल. मला साक्ष तशी न्यायची नाही. तुम्हाला माहीत आहे, न्दिंदाचं नाव गेलं तर ती जमीन तुमच्या मुलांना मिळेल. मलाही माहीत आहे. म्हणून सरळ विचारते. देणार का साक्ष?"

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर आम्ही दोघी परत जाऊ. एकोणतीस जणांना सांगू की झालं नाही."

"तुझं त्यात काय जातं?"

"माझंही घर त्यात अडकलंय. पण ते सोडा. मी नऊ वर्षांची असताना अशाच घरातून बाहेर पडले, बाबा. त्या घरातही न्थेओ झालं होतं. तेव्हा ज्यांनी मांस खाल्लं होतं, त्यांतला एकही आला नाही."

म्हातारा जिराफाच्या मानेवरून सुरी फिरवत राहिला. त्यांची बायको दारात उभी होती. तीच बोलली.

"अठरा वर्षं याचं हेच चाललंय. कोणी जेवायला बोलावलं की खांदा, कोणी मेलं की खांदा. देऊन टाका रे कोणी तरी याचा खांदा, माझे कान सुटू देत."

"तू गप्प," बाबा म्हणाले. मग कातुंगेला म्हणाले, "त्या न्दिंदानं मागच्या दुष्काळात माझ्या सुनेला पाणी दिलं होतं. मी विसरलेलो नाही. पण खांदा म्हणजे खांदा. म्वेलूनं स्वतः आणावा. पोराच्या हाती नाही. डोक्यावरून आणावा, सगळ्यांनी बघितलं पाहिजे."

"आणि मग?"

"मग चीफकडे काय, नैरोबीला येतो."

पुढच्या टेकडीवर म्वेलूबाईंचं घर. अर्धं विटांचं, अर्धं पत्र्याचं, कर्ज पुरेल तितकं बांधलेलं. आम्ही सगळं सांगितलं तेव्हा म्वेलूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तीन बरगड्या? चार पाठवल्या होत्या मी! चौथी वाटेत त्याच्या बायकोनंच खाल्ली असणार. आणि खांदा खांदा करतोय, तर त्यानं मला त्या दिवशी का नाही विचारलं? मला कोणी सांगितलंच नव्हतं! माझ्या माहेरी खांदा भावाला देतात."

"मग तुम्ही त्यांना का नाही विचारलं, की का रुसलात?" मी म्हटलं.

"मी का विचारू? मी थोरल्याची बायको."

न्दिंदा दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि दोरी घेऊन आली. "पांढऱ्या कपाळाची बकरी घ्या," ती म्हणाली. "ती माझी आहे. माझ्या पैशानं घेतलेली. माझ्याच लग्नाची राहिलीय ना ती."

म्वेलूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "मी जाईन," त्या म्हणाल्या. "सकाळीच जाईन."

रात्री आम्ही तिथेच राहिलो, पहाटे बकरी कापली गेली. सकाळी म्वेलूबाई केळीच्या पानावर खांदा ठेवून, तो डोक्यावर घेऊन, सगळ्या डोंगरासमोरून दिराच्या अंगणात गेल्या. मागे न्दिंदा, तिच्यामागे आम्ही दोघी. शेतातले लोक कुदळी टेकून बघत होते. मुइंदेबाबांनी नवा शर्ट घातला होता. त्यांनी खांदा हातात घेतला, वजन पाहिल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाले, "त्या वेळची बकरी मोठी होती."

"त्या वेळी तुम्हाला दात होते," म्वेलूबाई म्हणाल्या.

अठरा वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. मग दोघंही हसले. न्दिंदानं मात्र तोंड वळवून अंगाभोवती गुंडाळलेल्या कांगा कापडाचं टोक पदरासारखं डोळ्यांना लावलं.

दुपारी चीफच्या कचेरीत बाबांनी अंगठा उठवला. कातुंगेनं त्यांना कागद दोनदा वाचून दाखवला, आणि साक्षीनं जमिनीवरचा त्यांच्या मुलांचा दावा जातो, हे वाक्य तर तीनदा. चीफ म्हणाले, पुरे की आता. ती म्हणाली, पुरे नाही. शिक्का पडल्यावर ती बाकावर बसली, डोळे मिटले आणि तिच्या चर्चमध्ये करतात तशी प्रार्थना केली. मी माझ्या देवाला हात जोडले. शुक्रवारी अकरा वाजता तिसावी फाईल नैरोबीत पोचली. चार वाजता वकीलबाईंचा फोन आला: धरली.

पैसा ऑक्टोबरात आला. माझा हप्ता निम्मा झाला आणि नाताळाच्या आधी ह्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर ह्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर खिडकीतून दिसणारे ते डोंगर. म्हणाले, एवढे हिरवे होते का हे? त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला तेव्हा कातुंगेचं नाव घेतलं. अजूनही घेते. मी रेघ मारायला तयार होते, आणि तिनं माझं काम रेघ न मारता करून दिलं. याचं ऋण मला कोणत्याही मुदतीत फेडता येणार नाही, आणि फेडावं असंही वाटत नाही. ते असू दे.

तिला मात्र मी हे बोलून दाखवायला गेले की ती विषय बदलते. "बाई, तुमचे गुडघे कसे आहेत?" एवढंच.

वकीलबाईंनी मधल्या काळात अर्जात एक नवा रकाना घातला: 'घरात राहणारे हक्कदार'. सगळ्या पतपेढ्यांना तो कागद गेला. जानेवारीतल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, कातुंगे आमच्या घरी आली. बरोबर तिची आई होती, काठी टेकत, डोक्याला धुतलेला पांढरा रुमाल. मी चहा ठेवला. आईला इंग्रजी येत नाही आणि माझं कांबा तिच्यासमोर अडखळतं, म्हणून आम्ही एकमेकींकडे बघून हसत राहिलो. आई माझ्या भिंती हातानं चाचपून बघत होती. चांगलं प्लास्टर आहे, म्हणाली.

कातुंगेनं पिशवीतून तिची स्वतःची फाईल काढली. नव्या रकान्यात तिच्या गोल अक्षरात आईचं नाव लिहिलेलं होतं. खाली साक्षीदाराची जागा रिकामी.

"माझ्या अर्जावर मी 'अविवाहित' लिहून रेघ मारली होती, बाई," ती म्हणाली. "न्दिंदासाठी भांडत होते तेव्हासुद्धा माझ्या फायलीत ती रेघ होतीच. मी आधी गेले तर आईला म्हातारपणी परत कोणी बाहेर काढायला नको. साक्षीदार नात्यातला चालत नाही. आणि आईला ओळखणारा पाहिजे, तिनं पोती आणलेली बघितलेला." तिनं पेन माझ्यापुढे धरलं. "तुम्ही सही कराल?"